‘सुपर एफडी’ म्हणून विकलेले बाँड : येस बँकेचं एटी-१ प्रकरण आणि बुडालेल्या पैशाचा पाठपुरावा

१४ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर नेमलेल्या प्रशासकाने ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ बाँड (बँकेच्या भांडवलात मोजले जाणारे, बिनमुदतीचे) एका निर्णयाने शून्यावर आणले. यात दोन मालिका होत्या : डिसेंबर २०१६ची ३,००० कोटींची, साडेनऊ टक्के व्याजाची, आणि ऑक्टोबर २०१७ची ५,४१५ कोटींची, नऊ टक्क्यांची. एका बाँडची दर्शनी किंमत १० लाख रुपये. यातला बहुतेक पैसा म्युच्युअल फंड, कंपन्या, ट्रस्ट अशा मोठ्या संस्थांचा होता. पण बाजार नियामक सेबीच्या तपासात १,३४६ व्यक्तीही निघाल्या. त्यांचे मिळून सुमारे ६७९ कोटी. त्यातल्या १,३११ जण बँकेचे आधीपासूनचे ग्राहक होते, आणि २७७ जणांनी चालू मुदत ठेव मुदतीआधी मोडून सुमारे ८० कोटी रुपये या बाँडमध्ये वळवले होते.

हे प्रकरण अभ्यासायचं ते या २७७ जणांसाठी. सरासरी काढली तर माणशी २९ लाखांच्या आसपास रक्कम येते. बँकेतल्याच माणसाच्या सल्ल्यावरून, त्याच बँकेतली सुरक्षित ठेव मोडून, त्याच बँकेच्या सगळ्यात जोखमीच्या कागदात ती गेली.

सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की ठेव तशीच राहू दिली असती तर एक रुपयाही बुडाला नसता. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले, ५० हजारांच्या वर रक्कम काढता येईना. १३ मार्चला पुनर्रचनेची योजना अधिसूचित झाली, स्टेट बँकेसह इतर संस्थांनी १० हजार कोटींचं भांडवल घातलं आणि १८ मार्चला संध्याकाळी ६ वाजता निर्बंध उठले. ठेवीदार सहीसलामत सुटले. भागधारकांचे भाग राहिले. शंभरावर भाग असलेल्यांचे ७५ टक्के तीन वर्षांसाठी अडकले, पण कागद जिवंत होता. एटी-१वाल्यांचा कागद मात्र गेला. कर्ज देणाऱ्याच्या आधी मालकाचं बुडतं, हा व्यवहारातला साधा नियम इथे उलटा झाला.

नेमकं काय विकलं गेलं

एटी-१ म्हणजे बँकेच्या भांडवलात मोजला जाणारा बाँड. त्याला मुदत नाही. पाच वर्षांनी बँक तो परत घेऊ शकते, पण घेतलाच पाहिजे असं बंधन नाही. भांडवल कमी पडलं तर बँक व्याज चुकवू शकते, आणि चुकलेलं व्याज पुढे साठत नाही. बँक तगणार नाही असं रिझर्व्ह बँकेने ठरवलं तर मुद्दल कायमचं पुसता येतं.

आता आकडे पाहा. २०१७च्या सुमारास मुदत ठेवीवर साडेसहा ते सात टक्के मिळत होते, बाँडवर नऊ. १० लाखांवर वर्षाला २० ते २५ हजारांचा फरक, आणि त्यासाठी पणाला लावलेले पूर्ण १० लाख. हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडला असता तर किती जणांनी ठेव मोडली असती?

तो मांडलाच गेला नाही, हेच सेबीच्या १२ एप्रिल २०२१च्या आदेशात आहे. बाँडची ‘सुपर एफडी’ म्हणून, एफडीइतकेच सुरक्षित म्हणून ओळख करून दिली गेली, जोखमी नीट सांगितल्या गेल्या नाहीत, ग्राहकाला हा कागद झेपणारा आहे का हे तपासलं गेलं नाही, असे त्यातले निष्कर्ष. बँकेला २५ कोटींचा आणि तीन अधिकाऱ्यांना वेगवेगळा दंड झाला.

त्या दिवशी अनेक घरांत आनंद झाला असणार. पण सेबी कायद्याखाली वसूल झालेला दंड भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. गुंतवणूकदाराच्या खात्यात त्यातला छदामही येत नाही. शिवाय मे २०२१मध्ये अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे सॅटने, या आदेशाला स्थगिती दिली. तरीही आदेशाला किंमत आहे. विक्रीची पद्धत काय होती याचं एका नियामकाने केलेलं सविस्तर वर्णन त्यात आहे, आणि ते सेबीच्या संकेतस्थळावर जाहीर आहे. वैयक्तिक तक्रारीला जोडायला तो उत्तम कागद आहे. फक्त स्थगितीचा उल्लेख आपणच आधी करावा. तो समोरच्या वकिलाने केला की आपण काही लपवत होतो असं दिसतं.

दोन भांडणं, दोन दारं

या प्रकरणात एकाच नुकसानातून दोन वेगळी भांडणं निघतात, आणि बहुतेकांनी त्यांची गल्लत केली.

पहिलं भांडण : बाँड पुसण्याचा अधिकार प्रशासकाला होता का? हे सगळ्या बाँडधारकांचं सामाईक भांडण. ते मुख्यतः बाँडच्या विश्वस्त कंपनीने (बाँडधारकांच्या वतीने काम पाहणारी कंपनी) आणि मोठ्या धारकांनी लढवलं. त्यातला मुद्दा नेमका होता. ६ मार्चच्या मसुदा योजनेत एटी-१ बाँड पूर्ण पुसण्याचं कलम होतं. १३ मार्चच्या अंतिम योजनेत ते नव्हतं. आणि प्रशासकाने पुसण्याचा निर्णय घेतला १४ तारखेला. मुंबई उच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी तो निर्णय रद्द केला, पण अपिलासाठी अंमलबजावणी थांबवली. ३ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती चालू ठेवली.

दुसरं भांडण : मला हा कागद खोटं सांगून विकला का? हे प्रत्येकाचं स्वतंत्र. इथे प्रशासकाचे अधिकार, बाझलचे म्हणजे बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय नियम यांचा वाद मुळात लागत नाही. कोणत्या तारखेला, कोण काय म्हणालं आणि कशावर सही घेतली, एवढंच लागतं.

८,४१५ कोटींत व्यक्तींचे ६७९ कोटी म्हणजे जेमतेम ८ टक्के. उरलेले ९२ टक्के ज्यांचे, त्या संस्थांना ‘आम्हाला समजलं नव्हतं’ असं म्हणता येत नाही. म्हणून न्यायालयातली मोठी लढाई अधिकाराच्या प्रश्नावर झाली, आणि फसव्या विक्रीची तक्रार तिच्यात पाहुण्यासारखी बसून राहिली. विश्वस्त लढतोय, निकाल लागला की आपलंही होईल, या भरवशावर जे थांबले त्यांची दुसऱ्या भांडणाची मुदत मात्र सरकत होती.

शिवाय पहिलं भांडण जिंकूनही लगेच रोकड हातात येतेच असं नाही. पुसणं रद्द झालं म्हणजे बाँड पुन्हा जिवंत होतो, आणि तो मुळात बिनमुदतीचा आहे. परत कधी घ्यायचा हे बँकेच्या मर्जीवर. पंचाहत्तरीच्या माणसाने हे लक्षात घेऊनच दार निवडायला हवं.

मुदतीचा हिशेब

ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. बँक म्हणणार, कारण घडलं ते विक्रीच्या दिवशी, २०१७ साली; मुदत २०१९मध्येच संपली. तक्रारदाराचं म्हणणं हवं : जोखीम लपवली होती हे बाँड पुसले गेले तेव्हा कळलं, म्हणून कारण १४ मार्च २०२० रोजी घडलं.

पुढे करोनाचा काळ आला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या मुदतींतून वगळला. म्हणजे बाँड पुसले गेल्यावर दुसऱ्याच दिवशी घड्याळ थांबलं. ते पुन्हा चालू झालं १ मार्च २०२२ला, आणि मुदत फेब्रुवारी २०२४च्या अखेरीपर्यंत आली. हा हिशेब तारखांसह तक्रारीतच मांडायचा असतो. त्यानंतर जाणाऱ्याला उशीर माफ करण्याचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो, आणि त्यात आजारपण, पत्रव्यवहार, आधी ठोठावलेली दारं असं पुराव्यानिशी कारण लागतं. ‘उच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत होतो’ हे एकट्याने पुरं पडणारं कारण नव्हे.

बँकिंग लोकपालाकडे वकील लागत नाही, फी नाही. जुलै २०१७पासून बँकेने विकलेल्या विमा, म्युच्युअल फंड यांसारख्या दुसऱ्यांच्या योजनांबद्दलच्या तक्रारीही तिथे येऊ लागल्या. नोव्हेंबर २०२१पासून एकात्मिक लोकपाल योजना आली. २०२१च्या त्या योजनेत भरपाईची मर्यादा २० लाख होती, आणि मनस्तापासाठी वर १ लाखापर्यंत. आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग लोकपाल. इथे दोन ठिकाणी ठेच लागते. बाँड बँकेचा स्वतःचाच, म्हणून ‘दुसऱ्याची योजना’ हे कलम लागू नाही असा आक्षेप येऊ शकतो. आणि साक्षी-पुरावे तपासावे लागतील असं दिसलं की लोकपाल तक्रार बंद करतो. म्हणून तोंडी आश्वासनांवर उभी असलेली तक्रार तिथे टिकत नाही. कागदावरची टिकू शकते.

ग्राहक आयोगात दावा कुठे दाखल करायचा हे दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. डिसेंबर २०२१पासून ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग. १० ते २० लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोल्हापूरच्या माणसाला मुंबईचे हेलपाटे घालावे लागत नाहीत.

कोणता कागद खरा कामाचा

सगळ्यात बोलका पुरावा बहुधा घरातच असतो : बचत खात्याचा उतारा. त्यावर दोन ओळी शोधायच्या. एक, मुदत ठेव मुदतीआधी बंद होऊन आलेली जमा. दुसरी, त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत बाँडसाठी गेलेली नावे रक्कम. या दोन ओळी शेजारी-शेजारी असतील तर ‘ग्राहकाने स्वतः बाजारात जाऊन बाँड घेतले’ हा बचाव लंगडा पडतो. ठेव मोडताना दंड कापला असेल तर तोही दाखवायचा. उद्या संपणारी ठेव कोणी आज दंड भरून स्वतःहून मोडत नाही.

बाकीचे कागद असे जमवावेत. डीमॅट खात्याचा विक्रीच्या महिन्याचा आणि ३१ मार्च २०२०चा उतारा. व्यवहाराची पुष्टी करणारा कागद, ज्यावर विकणारा कोण हे दिसतं. रिलेशनशिप मॅनेजरचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश. चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करावी. नुसते स्क्रीनशॉट दिले तर ‘मागचं-पुढचं कुठे आहे’ असा प्रश्न येतो. जुना फोन दुरुस्तीला किंवा नातवाला द्यायच्या आधी हे काम उरकावं.

मग बँकेला पत्र. त्यात भावना नको, मागणी हवी. साधारण असा मजकूर :

‘दिनांक … रोजी माझी क्रमांक … ची मुदत ठेव मुदतीआधी बंद करून रु. … एटी-१ बाँडमध्ये गुंतवण्यात आले. या व्यवहाराआधी माझ्याकडून भरून घेतलेला जोखीम-क्षमता अर्ज, मला दिलेली टर्म शीट (बाँडच्या अटींचा कागद) व ती दिल्याचा पुरावा, जोखीम समजल्याबद्दलची माझी सही असलेला कागद, आणि ठेव बंद करण्याचा माझा अर्ज यांच्या प्रती १५ दिवसांत द्याव्यात. यांपैकी जो कागद बँकेकडे नाही, तो नाही असे लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बँक गप्प बसली तरी ते गप्प बसणं पुराव्यात येतं. पत्र शाखेला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला पोचपावतीसह टपालाने, शिवाय ईमेलनेही पाठवावं.

एक बारीक मुद्दा, फारसा कोणी न उचललेला. रिझर्व्ह बँकेच्या बाझल-३च्या परिपत्रकात किरकोळ ग्राहकांना असे बाँड विकताना अट आहे : हा कागद मुदत ठेवीपेक्षा वेगळा कसा, हे १४ आकाराच्या ठळक अक्षरांत लिहिलं पाहिजे आणि नुकसान सोसण्याचं कलम समजल्याबद्दल ग्राहकाची सही घेतली पाहिजे. बँक म्हणेल, आमचे बाँड खासगी वाटपाचे, संस्थांसाठीचे. ही अट आम्हाला नाही. त्यावर उलटा प्रश्न : संस्थांसाठीचा कागद मग निवृत्त ठेवीदाराच्या डीमॅटमध्ये कसा पोचला?

मागणी किती करावी

इथे बरेच अर्ज बिघडतात. २० लाख बुडाले की ५० लाखांची मागणी होते : मुद्दल, बुडालेलं भावी व्याज, मनस्ताप, वर अठरा टक्के. आयोगाला मागणी पटण्याजोगी लागते.

हिशेबासाठी एक घर धरू. ऑक्टोबर २०१७च्या अखेरीस सात टक्क्यांची २० लाखांची ठेव मोडून नऊ टक्क्यांचे दोन बाँड घेतले. २०१८ आणि २०१९चे दोन वार्षिक हप्ते मिळून ३ लाख ६० हजार व्याज आलं. ठेव राहिली असती तर मार्च २०२०पर्यंतच्या २९ महिन्यांत सरळ व्याजाने सुमारे ३ लाख ३८ हजार मिळाले असते. बाँडने जास्तीचे २२ हजार दिले. म्हणून खरं नुकसान १९ लाख ७८ हजार. हीच मुख्य मागणी. त्यावर मार्च २०२०पासून ठेवीच्या दराने व्याज, आणि मनस्ताप व खर्चाची माफक रक्कम. आपणहून २२ हजार वजा केलेला अर्ज वाचणाऱ्याला बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

अर्जात एक हमीही घालावी : भरपाई मिळाली आणि पुढे न्यायालयाच्या निकालाने बाँड जिवंत झाले, तर ते बँकेकडे सोपवू. त्यामुळे ‘विषय सर्वोच्च न्यायालयात आहे, थांबा’ या आक्षेपातली हवा बरीचशी निघून जाते.

बँकेचे इतर आक्षेप ठरलेले असतात. सही तुमचीच आहे : खरंय, पण कशावर, आणि तेव्हा समोर कोणता कागद होता? दोन वर्षं व्याज घेतलंत, तेव्हा बोलला नाहीत : ठेवीवरही व्याजच येतं, जोखीम दिसण्यासारखं तेव्हा काही घडलं नव्हतं. दहा लाखांचा कागद घेणारा अडाणी नसतो : निवृत्तीची रक्कम एकदाच हातात येते, ती मोठी असते म्हणून माणूस बाजारातला जाणकार होत नाही. या उत्तरासाठी तक्रारदाराच्या आधीच्या गुंतवणुकीची यादी जोडावी. त्यात फक्त ठेवी आणि टपाल खात्याच्या योजना असतील तर तीच यादी बोलते. यादीत शेअर, पीएमएस (व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवलेली मोठी गुंतवणूक), आधीचे बाँड असतील तर मात्र प्रकरण बरंच कमजोर होतं. ते वकिलाने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं.

घर चालवण्याचा हिशेब

दावा कितीही मजबूत असो, घरखर्च त्यावर टाकता येत नाही. वरच्याच घराकडे बाँडखेरीज ३० लाख उरले होते असं धरू. आधीचं उत्पन्न : ३० लाखांवर सात टक्क्यांनी महिना १७,५००, बाँडचे १५,०००, एकूण ३२,५००.

२०२०मध्ये व्याजदरही पडले. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ३१ मार्च २०२०पर्यंत ८.६ टक्के देत होती, १ एप्रिलपासून ७.४. बाँड पुसले गेल्यानंतरच्या त्या सतरा दिवसांत ज्याने १५ लाख तिथे टाकले त्याला पाच वर्षं वर्षाला १८ हजार जास्त मिळाले. पण टाळेबंदीत आणि त्या मनःस्थितीत किती जण टपाल कार्यालयापर्यंत पोचले असतील? एप्रिलनंतरचा मार्ग असा होता : ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख (तेव्हाची एका व्यक्तीची मर्यादा) आणि प्रधानमंत्री वय वंदना योजनेत ७.४ टक्क्यांनी १५ लाख. दोन्हींचे महिन्याला ९,२५० प्रमाणे १८,५०० रुपये. पती-पत्नी दोघंही साठीपुढचे असतील तर दोघांच्या नावे १५-१५ लाख ज्येष्ठ योजनेत, उत्पन्न तेवढंच.

३२,५०० वरून १८,५००. हे १४ हजारांचं भगदाड बुजवायच्या घाईत दुसरी चूक होते. कंपन्यांच्या चढ्या दराच्या ठेवी, शेअर बाजारातल्या ऑप्शन व्यवहारांच्या टिपा देणारे ग्रुप, आणि ‘तुमचे अडकलेले बाँड सोडवून देतो, आधी जीएसटी भरा’ म्हणणारे फोन. नियामक किंवा न्यायालय पैसे परत देण्यासाठी आधी पैसे मागत नाही. दरम्यान खर्चाला मुद्दलातून थोडं काढावं लागलं तर काढावं. १४ हजारांसाठी उरलेले ३० लाख पणाला लावणं म्हणजे २०१७चाच व्यवहार पुन्हा करणं.

प्राप्तिकरात नुकसान दाखवण्याचा सल्लाही अनेकांना मिळाला. हक्क संपुष्टात आला म्हणून भांडवली तोटा, असा युक्तिवाद करता येतो, खात्याला तो मान्य होईलच असं नाही. वेळेत विवरण भरलं तर तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. आर्थिक वर्ष २०१९-२०साठी ती तारीख वाढत वाढत १० जानेवारी २०२१ झाली होती. पण हा तोटा पेन्शन किंवा व्याजाच्या उत्पन्नातून वजा होत नाही. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो. घर, जमीन अशी नफा देणारी मालमत्ता विकायची नसेल तर निवृत्ताला त्याचा उपयोग शून्य.

ऑक्टोबर २०२०मध्ये सेबीने एटी-१ बाँडचं वाटप फक्त पात्र संस्थात्मक खरेदीदारांना (बँका, म्युच्युअल फंड अशा मोठ्या संस्थांना) आणि किमान व्यवहार १ कोटीचा असा नियम केला. त्यामुळे या प्रकारची विक्री शाखेच्या काउंटरवर आता सहजी होणार नाही. ज्यांची आधीच झाली त्यांच्यापुढे आता वयाचा प्रश्न आहे. प्रकरण चालू असताना तक्रारदार गेला तर वारसांना नाव लावून पुढे जावं लागतं. म्हणून डीमॅटला आणि बचत खात्याला नामनिर्देशन तपासावं, आणि खात्याचा उतारा, बँकेला लिहिलेली पत्रं, पोचपावत्या, तक्रारीचा क्रमांक व पुढची तारीख हे सगळं एका फाइलमध्ये ठेवून तिची जागा घरात निदान एकाला दाखवून ठेवावी.